मोडक्या बोटीचा भाव ढाच्यावर ठरावा

जून-जुलैत राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. जुनी बोट निरखून पाहायची, तर याहून चांगली संधी नाही. खडकावर आपटलेली, बुडून वर काढलेली किंवा मालकाने नुसतीच उन्हापावसात सोडून दिलेली फायबरची बोट नव्याच्या मानाने बरीच कमी किमतीत मिळते. तिला चालू आऊटबोर्ड इंजिन लावलेले असले, की घेणाऱ्याचा विचार तिथेच संपतो. अशी बोट घेऊन दुरुस्त करणाऱ्याला वेड्यात काढण्याचे काही कारण नाही. ज्याच्यापाशी नव्या बोटीइतके भांडवल नाही, त्याच्यासाठी पाण्यावरच्या धंद्यात शिरण्याचा हाच रस्ता आहे. शिवाय फायबरचा सांगाडा भंगारातही जात नाही. टाकून दिला की खाडीच्या कडेला वर्षानुवर्षे पडून राहतो. तेव्हा बोटी दुरुस्त व्हायलाच हव्यात. माझा आक्षेप आहे तो किंमत इंजिनाकडे बघून ठरते, याला. इंजिन उतरवून दुसरे बसवता येते. ढाचा गेला, तर हातात काहीच उरत नाही.

‘फायबर कुजत नाही’ हे खरे आहे, आणि फसगत नेमकी तिथेच होते. बहुतेक जुन्या बोटींत ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगलेले असते, त्या ट्रान्समच्या पोटात प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट ज्या भोकांतून जातात, तिथला सीलंट सुटला की पाणी आत झिरपते. मग बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या भिंतीच्या आत लाकडाचा लगदा होत राहतो. तळाखालच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांत लाकूड असेल, तर तिथेही तेच घडते. हे ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. प्लास्टिकच्या हातोडीने भिंतीवर ओळीने टिचकारत जावे. घट्ट जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या किंवा भिजलेल्या जागी तो बद्द होतो. इंजिनाचे खालचे टोक धरून वर-खाली दाबावे आणि त्याच वेळी ट्रान्समवर नजर ठेवावी. भिंत हलली, तर तो सौदा वेगळ्या भावाने व्हायला हवा किंवा होऊच नये. तळातला फोम पाणी प्यायला असेल, तर बोट किनाऱ्यावर ठीक वाटते, पण पाण्यात नको तितकी खाली बसते.

दुरुस्तीचा खरा खर्च इथे सुरू होतो. भेगेवर पुट्टी आणि रंग फासला म्हणजे दुरुस्ती झाली नाही. ठोकर लागून फाटलेली जागा उतरती घासावी लागते आणि त्या उताराची रुंदी जाडीच्या बारापट धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या तळासाठी भोकाच्या चहूबाजूंनी सात सेंटिमीटरहून अधिक. त्याआधी ढाचा पूर्ण वाळायला हवा, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ते सहज होत नाही. ओल्या फायबरवर चढवलेला थर वरून सुरेख दिसतो, पण चिकटत नाही. इंजिनाची गोष्ट त्या मानाने सोपी. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन बाहेर निघाल्यावर काही तासांत गोड्या पाण्याने धुऊन, तेल घालून फिरवले नसेल, तर आतल्या बेअरिंगना गंज धरतो. ते ‘सुरू होते’ एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजूनच पैसे मोजावेत.

आमचा कारागीर हे सगळे हाताने ओळखतो, मग सर्वेक्षकाची फी कशाला, असे कोणी म्हणेल. कारागिराच्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण विकणाऱ्याच्या सांगण्यावरून ज्याने डाग बुजवला, त्यानेच घेणाऱ्याला ढाच्याची खात्री द्यावी, हे रास्त नाही. तपासणीसाठी तिसरा माणूस हवा. त्याची फी कुजलेला ट्रान्सम नव्याने बांधण्याच्या खर्चापुढे किरकोळ ठरते. ‘बोट माझी, जोखीम माझी’ हा दुसरा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईलगतच्या समुद्रात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. ती मोडकी, जुनी बोट नव्हती. पण पाण्यावर एकाची जोखीम क्षणात दुसऱ्याची होते, हे त्या दुपारी दिसले. दुरुस्त केलेल्या बोटीची पहिली फेरी म्हणूनच वर्दळीच्या मार्गापासून दूर आणि प्रवाशांविना व्हायला हवी.

अंतर्देशीय जलमार्गांवरच्या यांत्रिक बोटींसाठी २०२१च्या कायद्याने नोंदणी आणि सर्वेक्षण आवश्यक केले आहे. त्यात एका गोष्टीची भर पडावी. ढाच्याला मार लागलेली बोट विकली जाताना ट्रान्सम आणि तळाचे घासलेल्या अवस्थेतले, म्हणजे रंग लावण्यापूर्वीचे फोटो हस्तांतराच्या अर्जाला जोडावेत, दुरुस्ती कोणी केली ते नाव लिहावे आणि हे कागद पुढच्या प्रत्येक मालकाकडे बोटीसोबत जावेत. फोन प्रत्येक कारागिराच्या खिशात आहे, त्यामुळे यासाठी फारसा खर्चही येणार नाही.