सापडलेली डबी जागच्या जागी

मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेणे जमत नसेल, तर मोबाइलसकट मुलांना घराबाहेर काढावे. आमच्या घरात हे काम जिओकॅशिंग नावाच्या छंदाने केले. नाव परदेशी आहे, पण खेळ आपल्या लपाछपीसारखाच. फरक इतकाच, की यात माणूस लपत नाही, डबी लपते. लपवणारा त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर देतो आणि शोधणारा मोबाइलच्या आधाराने तिथपर्यंत पोहोचतो. डबीत एक छोटी नोंदवही असते. तिच्यात नाव आणि तारीख लिहायची, आणि डबी होती तशी, होती तिथेच ठेवून परत यायचे. बक्षीस नाही, पैसे नाहीत.

या छंदाचा जन्म २००० सालचा. उपग्रहांकडून मिळणाऱ्या जीपीएस संकेतात अमेरिकन सरकार तोवर मुद्दाम चूक ठेवत असे, त्यामुळे सामान्य माणसाला जागा शंभरेक मीटरच्या फरकाने कळे. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला ही चूक काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिची जागा जाहीर केली. काही दिवसांतच ती शोधली गेली. आज जगभरात अशा तीस लाखांहून अधिक डब्या आहेत. गंमत म्हणजे त्या पहिल्या बादलीत खाण्याचा एक डबाही होता. आजच्या नियमांत डबी पुरणेही चालत नाही आणि तिच्यात खाऊ ठेवणेही चालत नाही, कारण वासाने जनावरे येतात आणि डबी फोडतात.

निघण्यापूर्वी

युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात डब्या फार विरळ आहेत. तेव्हा आधी ॲपमध्ये आपल्या शहराचा नकाशा उघडून पाहावा. फुकट सभासदत्वावर काही डब्या दिसत नाहीत, पण सुरुवातीला तेवढे पुरते. प्रत्येक डबीला दोन आकडे दिलेले असतात. एक शोधायला किती अवघड याचा, दुसरा वाट किती अवघड याचा. दोन्ही १ ते ५. वाटेचा आकडा १ असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही तिथे पोहोचता येते असा अर्थ. आमच्या नानींचे गुडघे दुखतात, म्हणून त्या बरोबर असल्या की आम्ही असाच आकडा निवडतो. नानी बाकावर बसून लपवणाऱ्याने दिलेली खूण मोठ्याने वाचतात आणि नातवंडांना हुकूम सोडतात.

आकड्यांनंतर आधीच्या लोकांच्या नोंदी वाचाव्यात. शेवटच्या तीन-चार जणांनी ‘सापडली नाही’ असे लिहिले असेल, तर डबी बहुधा नाहीशी झालेली असते. लहान मुलांची पहिलीच खेप अशा जागी नेऊ नये. पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परतलेले मूल दुसऱ्यांदा उत्साहाने निघत नाही.

अक्षांश-रेखांश हाताने टाइप करायचे असतील तर एक गोष्ट मुलांना कागदावर समजावून सांगावी. या खेळात जागा अंश आणि मिनिटांत देतात, आणि एका अंशात ६० मिनिटे असतात. म्हणजे १८ अंश ५७.५०० मिनिटे हे १८.५७५ अंश नव्हे, ते १८.९५८ अंश. ही गल्लत झाली तर माणूस सुमारे ४२ किलोमीटर दूर पोहोचतो. मिनिटाचा शेवटचा, म्हणजे हजाराव्या भागाचा आकडा एकने बदलला, तर अक्षांशात जागा जेमतेम १.८५ मीटर सरकते. हे गणित शाळेच्या वहीत कंटाळवाणे वाटते. डबी शोधायची असली की मुले ते आपणहून करतात.

किब्ल्याची दिशाही याच धड्यात शिकवता येते. ‘किब्ला पश्चिमेला’ असे आपण सहज म्हणतो. होकायंत्रावर पाहिले तर मुंबईहून तो सुमारे २८० अंशांवर आहे, म्हणजे थेट पश्चिमेपासून १० अंश उत्तरेकडे. हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी यांनी पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज किती खाली झुकते ते मोजले आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. शहरांचे अक्षांश-रेखांश आणि किब्ल्याची दिशा हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मुलांना हे सांगितले की हातातले होकायंत्र त्यांना परके वाटत नाही.

पिशवीत काय असावे

पेन हवेच, पण पावसाळ्यात पेन्सिल बरी, कारण ओलसर कागदावर पेन उमटत नाही. अगदी लहान डबीतला गुंडाळलेला कागद ओढायला चिमटा. छोटी टॉर्च, जाड हातमोजे, पिण्याचे पाणी, वजूसाठी वेगळी बाटली आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. चपला घालून जाऊ नये, बूट घालावेत. कोकणात जांभ्या दगडाचा गडगा असो की घाटावरचा दगडांचा ढीग, भोकात हात घालण्यापूर्वी टॉर्चने पाहावे आणि काठीने चाचपावे. विंचू आणि साप यांना आपला खेळ माहीत नसतो. आमच्याकडे नियम असा, की जिथे नजर पोहोचत नाही तिथे मुलांचा हात जाणार नाही.

वेळ फजरनंतरची उत्तम. उन्हाच्या आत घरी परतता येते. असरनंतर निघायचे तर मगरिबपूर्वी परत येता येईल एवढीच वाट निवडावी. अंधारात झुडपांत शिरणे तब्येतीलाही बरे नाही आणि बघणाऱ्यालाही बरे दिसत नाही.

शेवटची दहा पावले

नवशिके सगळे एकाच ठिकाणी अडकतात. मोबाइल ‘पोहोचलात’ म्हणतो आणि समोर काहीच दिसत नाही. मोबाइलची जागा चांगल्या आकाशाखालीही तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असते. उंच इमारती आणि दाट झाडी यांच्यात ती आणखी चुकते. लपवणाऱ्याच्या यंत्रातही तेवढीच चूक असू शकते. म्हणून दहा पावलांच्या आत आले की मोबाइल खिशात ठेवावा आणि डोळे वापरावेत. आपण लपवली असती तर कुठे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न, इथे न शोभणारे काय आहे? एकच दगड उभा का? या खांबाला बाकीच्यांपेक्षा एक बोल्ट जास्त का? झाडाच्या ढोलीत पाने इतकी नीट कशी रचलेली? नाहीच जमले तर वीस-तीस पावले मागे जाऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा यावे. जिथे दोन्ही वाटा मिळतात तिथे शोधावे.

आमच्या घरात डबी बहुतेक वेळा धाकट्या मुलीलाच आधी दिसते. तिची नजर बुटक्या उंचीवरून जाते, हे एक कारण. दुसरे असे, की तिला मोबाइल मिळतच नाही, त्यामुळे ती पहिल्यापासून आजूबाजूला बघत असते.

बेवारस वस्तू आणि आपण

आता जरा नाजूक गोष्ट. रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर मुले रोज ऐकतात, बेवारस वस्तूला हात लावू नका. आणि आपण त्यांना सांगतो, लपवलेली डबी शोधा. या दोन गोष्टी मुलांच्या मनात गोंधळ करू शकतात, म्हणून घरात नियम स्पष्ट हवा. डबी मूल शोधेल, हात मात्र आधी मोठ्या माणसाचा लागेल. जागा, आकार आणि वर्णन ॲपमधल्या माहितीशी जुळले तरच ती उघडायची. जुळले नाही, तार दिसली, वजन विचित्र वाटले, तर मागे फिरायचे आणि पोलिसांना कळवायचे. तिथे हौस दाखवायची नाही.

दुसरी बाजू आपल्या घरांनाच जास्त ठाऊक आहे. टोपी घातलेला बाप आणि बुरख्यातली आई हातात मोबाइल घेऊन एखाद्या भिंतीपाशी वाकून काहीतरी शोधताहेत, हे दृश्य प्रत्येक जण सारख्याच नजरेने पाहील असे नाही. हा विचार करावा लागतो याचे वाईट वाटते. पण मुले बरोबर असताना तो टाळताही येत नाही. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. रेल्वे, पूल, धरण, बंदर, विमानतळ, लष्करी हद्द, कोणाचे प्रार्थनास्थळ, यांच्या आसपास डबी दाखवत असली तरी जायचे नाही. कोणी विचारले की लपवाछपवी करायची नाही, ‘काही नाही, असंच’ असे म्हणायचे नाही. आणि बागेत किंवा वस्तीत वॉचमन असेल तर शोधायला लागण्यापूर्वीच त्याला सलाम-नमस्कार करून काय करणार ते सांगायचे.

एका बागेत असेच झाले. आम्ही वॉचमनना ॲप दाखवले, डबी कशी असते ते सांगितले. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “मग त्या पाण्याच्या पायपामागं बघा की. एक साहेब दर दोन-तीन महिन्यांनी येतात न् तिथं हात घालून जातात.” डबी तिथेच होती. मुलांनी नोंदवहीत आमच्या नावांखाली ‘वॉचमन काका’ असेही लिहिले. मुले थोडी नाराज होती, कारण शोध फार लवकर संपला. आमच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी त्यांनी डबीपेक्षा मोठी गोष्ट पाहिली. आधी सांगितले की बरीचशी माणसे मदतच करतात.

अमानत

या छंदात पहारेकरी नाही. एकट्याने डबी उघडून सगळे खिशात घातले तरी कोणाला कळणार नाही. न जाताच ॲपमध्ये ‘सापडली’ असे लिहिले तरी लगेच कोणी पकडणार नाही. अमानत म्हणजे काय हे मुलांना शिकवायला इतकी सोपी जागा दुसरी सापडणार नाही. अल्लाह पाहतो आहे, हे आपण तोंडाने रोज सांगतो. इथे मूल ते हाताने करून पाहते.

मोठ्या डब्यांत छोटी खेळणी, नाणी, बिल्ले असतात. एक वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची किंवा जास्त मोलाची ठेवावी. आमच्या मुलाने एकदा काचेची सुंदर गोटी घेतली आणि बदल्यात तुटकी चावीसाखळी ठेवायला निघाला. बहिणीने विचारले, “तुला मिळाली असती तर आवडली असती?” त्याने गोटी परत ठेवली. काही वस्तूंवर क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला असतो. ती वस्तू शोधणाऱ्याच्या मालकीची नसून प्रवासाला निघालेली असते. ती घ्यावी, ॲपमध्ये नोंद करावी आणि पुढच्या डबीत सोडावी. घरच्या कपाटात ती अडकवून ठेवू नये.

सापडली नाही तर तसेच लिहावे. त्यात कमीपणा नाही. तुमच्या नोंदीमुळे लपवणारा येऊन पाहतो आणि पुढच्या माणसाची खेप वाचते. शोधताना दिसलेला कचरा उचलून आणण्याची पद्धतही या छंदात जगभर आहे. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच भाग, हे मकतबात शिकलेल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

मुलांच्या नोंदीत मात्र पूर्ण नाव, शाळा, घराचा पत्ता किंवा चेहऱ्याचा फोटो जाऊ देऊ नये. घराचे एकच टोपणनाव ठेवावे आणि खाते मोठ्यांच्या हातात असावे.

आपली डबी लपवायची असेल तर

जागेच्या मालकाची परवानगी आधी घ्यावी. जमातीची जमीन असेल तर जमातीला विचारावे. कबरस्तान, दर्गा, मंदिर, शाळा या जागा नकोत. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर लागते. फोटोच्या रोलची जुनी डबी दिसायला सोयीची, पण तिच्यात पाणी शिरते. रबरी कड असलेला, चारही बाजूंनी बंद होणारा पारदर्शक डबा घ्यावा, म्हणजे आत काय आहे ते बाहेरून दिसते. वर मराठीत लिहावे, की हा खेळाचा डबा आहे. पावसाळ्यानंतर जाऊन नोंदवही बदलावी. दर दोन-तीन महिन्यांनी तिथे जाणे होणार नसेल तर डबी लपवूच नये.

जवळपास एकही डबी नसेल तरी अडत नाही. इंग्लंडहून भाचरे आली तेव्हा गावच्या मुलांशी त्यांचे बोलणे होईना. त्यांना मराठी येत नव्हती, यांना इंग्रजी बोलायला लाज वाटत होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी दादांनी आपल्याच वाडीत पाच ठिकाणी ईदीची पाकिटे ठेवली आणि पाच जागांचे आकडे कागदावर दिले. प्रत्येक जोडीत एक गावचा, एक बाहेरचा. मोबाइल वाचणारा वेगळा, आणि ‘हा आकडा म्हणजे फणसामागची विहीर’ हे ओळखणारा वेगळा. जोहरच्या अजानपर्यंत पाचही पाकिटे सापडली होती आणि मुले एकमेकांना हातवारे करून रागावत होती, हसत होती.

येत्या ईदला आपल्या अंगणात एवढे करून पाहावे. खर्च काही नाही. काय घडले ते आम्हाला जरूर कळवावे.