केस पेपरवरून गळालेले प्रश्नचिन्ह

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण

विषय : मनोविकारांच्या निदानातील अचूकता आणि सातत्य

महोदय,

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा आणि मोर्वा या गावांच्या शेजाराने वसलेले राई हे गाव अलीकडे वर्तमानपत्रांत आले ते मेट्रोच्या कारशेडला झालेल्या विरोधामुळे. मानसिक आरोग्याच्या नकाशावर त्याला वेगळी जागा नाही आणि तशी मागणीही येथे नाही. या गावातला माणूस ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत जाताना जी प्लॅस्टिकची पिशवी सोबत नेतो, तिच्यातल्या कागदांविषयी हे पत्र आहे.

त्या पिशवीत बहुधा तीन-चार ठिकाणचे केस पेपर असतात. पहिल्यावर '?सायकोसिस' असे लिहिलेले असते. शब्दाआधीच्या या प्रश्नचिन्हाचा वैद्यकीय व्यवहारातला अर्थ असा की निदान तात्पुरते आहे, वास्तवाशी संबंध तुटल्याची शंका आहे, पण खात्री झालेली नाही. दुसऱ्या ठिकाणच्या कागदावर 'के/सी/ओ सायकोसिस' असे उतरते. 'के/सी/ओ' म्हणजे 'नोन केस ऑफ', अर्थात या विकाराचा आधीपासून माहीत असलेला रुग्ण. या दोन कागदांच्या मधे कुठेतरी प्रश्नचिन्ह गळून पडते, आणि ते गाळावे असा निर्णय मात्र कोणीच घेतलेला नसतो. तिसऱ्या कागदावर 'बीपीएडी' असते, म्हणजे उदासी आणि उन्माद यांचे झोके देणारा द्विध्रुवी विकार. आणि 'एक डॉक्टर एक सांगतो, दुसरा दुसरेच' असे म्हणत घरचे लोक गोळ्या बंद करतात.

निदान बदलले म्हणजे कोणीतरी चुकलेच, असे समजणे अन्यायाचे होईल. द्विध्रुवी विकाराची सुरुवात पुष्कळदा निव्वळ उदासीने होते, आणि उन्मादाचा पहिला झटका येईपर्यंत त्याचे खरे रूप दिसत नाही. थायरॉइडच्या बिघाडातली मरगळ नैराश्यासारखी भासते. दारू सुटल्यानंतरच्या दिवसांत होणारे भास ही आणखी वेगळी गोष्ट. मनोविकारशास्त्राकडे यांतल्या बहुतेक आजारांसाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही, त्यामुळे मुलाखत, निरीक्षण आणि काळ हीच त्याची साधने. आक्षेप बदलावर नाही. बदल का झाला हे कागदावर कुठेच नसते, यावर आहे.

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवायला हव्यात. एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर दोघांचे निदान जुळणे याला विश्वसनीयता म्हणतात, आणि ते निदान प्रत्यक्षातल्या आजाराशी जुळणे याला वैधता. बाजारातले दोन तराजू एकमेकांशी तंतोतंत जुळूनही दोघांच्या मापात सारखीच खोट असू शकते, म्हणून पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. पण दोन तराजू एकमेकांशीच जुळत नसतील तर त्यांतला किमान एक तरी खोटा, एवढे नक्की.

हा न जुळण्याचा प्रश्न जुना आहे. 1962 मध्ये अमेरिकेत ॲरन बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतभेदांची कारणे शोधली, तेव्हा रुग्णाने वेगवेगळे सांगितल्यामुळे झालेले मतभेद अवघे 5 टक्के निघाले. सुमारे एकतृतीयांश मतभेद तपासणाऱ्यांच्या पद्धतीमुळे होते, आणि उरलेले, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त, वर्गीकरणाच्याच ढिसाळपणामुळे. पुढे न्यूयॉर्क आणि लंडन येथील तज्ज्ञांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष 1972 मध्ये प्रसिद्ध झाले. स्किझोफ्रेनिया, म्हणजे विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड मोडणारा आजार, हे निदान न्यूयॉर्कमध्ये कितीतरी अधिक सढळ हाताने दिले जात होते. दोन्ही शहरांतल्या रुग्णांना एकाच ठरीव मुलाखतीने तपासल्यावर तो फरक बराचसा विरून गेला. फरक रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता. (1973 चा रोझेनहान यांचा खोट्या रुग्णांचा प्रयोग याहून कितीतरी अधिक गाजला, पण त्याच्या सचोटीवरच पुढे गंभीर शंका घेतल्या गेल्याने त्याचा आधार न घेतलेला बरा.) 1980 नंतर लक्षणांच्या नेमक्या याद्या आल्या आणि गोंधळ कमी झाला, संपला नाही. तज्ज्ञांमधील सहमती योगायोगाने जुळण्यापेक्षा किती अधिक आहे हे 'कप्पा' या अंकाने मोजतात. 0 म्हणजे निव्वळ योगायोग, 1 म्हणजे पूर्ण सहमती. मनोविकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीच्या क्षेत्रचाचण्यांत, ज्यांचे आकडे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले, आघातोत्तर तणाव विकाराचा कप्पा 0.67, स्किझोफ्रेनियाचा 0.46 आणि तीव्र नैराश्याचा केवळ 0.28 आला. हे प्रशिक्षित तज्ज्ञांचे, पुरेसा वेळ देऊन केलेल्या तपासणीचे आकडे आहेत. गर्दीच्या ओपीडीत काही मिनिटांत केलेल्या तपासणीचे नव्हेत.

महाराष्ट्रात या अडचणीवर भाषेची भर पडते, आणि प्राधिकरणाने सर्वाधिक लक्ष द्यावे ते येथे. मनोविकारांच्या संदर्भात 'भास' या शब्दाचा अर्थ नेमका आहे: बाहेर काही नसताना ऐकू येणे किंवा दिसणे. बोलण्यातला 'भास' मात्र फार सैल आहे. नवरा जाऊन दोन महिने झालेली बाई 'दारात त्यांची चाहूल लागल्याचा भास होतो' म्हणते, तेव्हा ती आजार सांगत नसते, दुःख सांगत असते. 'कानात आवाज येतात' या तक्रारीत कानाच्या आजारातली गुणगुण असू शकते आणि धमकावणारी माणसांची बोलणीही असू शकतात. 'कसला आवाज, शब्द कळतात का, कोण बोलते' हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तो फरक कळत नाही. आगरी-कोळी वस्तीत वाढलेली वयस्क बाई घरच्या बोलीत बोलते, तपासणारा तरुण डॉक्टर हिंदीत विचारतो, मधे नातू दुभाषा होतो, आणि नातवाने दिलेला गोषवारा 'रुग्णाची तक्रार' म्हणून केस पेपरवर चढतो. अंगात येण्याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, जी जानेवारी 2022 पासून लागू झाली, संचाराच्या अवस्थेला विकार मानते. पण समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक प्रथेचा भाग म्हणून येणारा संचार ती त्यातून स्पष्टपणे वगळते. देवीच्या उत्सवातला संचार आणि स्वयंपाकघरात अवचित, नको असताना, वारंवार होणारा संचार यांतला फरक केवळ 'अंगात येते' एवढ्या नोंदीत सापडणार नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याबाबतीत मुळीच मुका नाही. निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांनुसारच व्हावे, आणि पूर्वी उपचार झाले किंवा रुग्णालयात दाखल केले होते एवढ्यावरून आज मानसिक आजार आहे असे ठरवू नये, असे त्याचे कलम 3 सांगते. 'के/सी/ओ' या तीन अक्षरांवर विसंबून केलेले निदान या कलमाच्या हेतूला थेट छेद देते. कलम 25 रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क देते. पण जी नोंद झालीच नाही ती मागून मिळणार कशी? निदानाच्या शिक्क्यावर पुढे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अवलंबून असते, घटस्फोटाच्या खटल्यातली बाजू उभी राहते, नोकरी जाते किंवा टिकते.

राज्यातल्या मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी सेवेच्या दर्जाचे निकष ठरवण्याचे काम याच कायद्याने प्राधिकरणाकडे दिले आहे. त्या निकषांत निदानाच्या नोंदीचा समावेश व्हावा, ही विनंती: निदान तात्पुरते की निश्चित, मुलाखत कोणत्या भाषेत आणि कोणाच्या मध्यस्थीने झाली, कोणती लक्षणे किती काळ दिसली, आणि आधीचे निदान बदलले असल्यास कशामुळे. चार ओळींचे काम आहे, आणि गर्दीच्या ओपीडीत चार ओळीही जड जातात हे मान्य. म्हणून सुरुवात निदान बदलण्याच्या प्रसंगापासून केली तरी चालेल. मोठ्या आस्थापनांनी वर्षातून काही रुग्ण दोन तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे तपासून सहमतीचा अंक काढावा आणि तो प्रसिद्ध करावा, हे खर्चाचे काम नाही, संकोचाचे आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. राज्याने स्वतःची मोजणी स्वतः करण्याचे ते आणखी एक कारण. आगरी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी अशा बोलींतील तक्रारींची तपासणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार झाली, तर 'भास' म्हणजे नेमके काय हे ठरवणे नव्या डॉक्टरला नातवावर सोपवावे लागणार नाही.

आणि हे सारे होईपर्यंत, एक केस पेपर पाहून दुसरा लिहिताना पहिल्यातल्या शब्दाआधी प्रश्नचिन्ह असेल तर ते जसेच्या तसे उतरवावे, एवढी सूचना आजच्या आज परिपत्रकाने देता येईल.

कळावे,

राई, भाईंदर (पश्चिम) येथील एक नागरिक