जिक्र : किती वेळ आणि कसा?



रमजान उलटून दोन-तीन महिने झाले की आपल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "रमजानमध्ये रोज एक पारा होत होता, तरावीहनंतरही हातात तसबीह असायची. आता दहा मिनिटं मिळाली तरी खूप. एवढ्याशा बसण्यानं काय होणार?" त्याच घरात दुसरी तक्रारही असते. "मी तर रोज हजाराची गिनती पुरी करते. पण तोंडात अल्लाहचं नाव आणि मन उद्याच्या डब्यात. याचा काय फायदा?"

पहिलीला वेळ कमी पडल्याची खंत आहे, दुसरीला मन हजर नसल्याची. प्रश्न मात्र एकच आहे. एकांतात अल्लाहची आठवण करायला बसावे, तर किती वेळ बसावे आणि कसे बसावे? फर्ज नमाजांची बाब वेगळी. त्यांच्या वेळा आणि रकाती ठरलेल्या आहेत, त्यांत घट करण्याचा सवालच नाही. आपण बोलतो आहोत ते नफ्ल इबादतीविषयी : जिक्र, तिलावत, तहज्जुद, दुआ, जे माणूस आपल्या खुशीने करतो.

आधी कसे, याचा विचार करू. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक माणूस मस्जिदीत आला, भरभर नमाज पढला आणि प्रेषितांना (सल्ल.) सलाम करायला पुढे आला. प्रेषितांनी त्याला परत पाठवले आणि नमाज पुन्हा पढायला सांगितले, कारण ती झालीच नव्हती. असे तीनदा झाले. शेवटी त्याने विनंती केली की, मला शिकवा. तेव्हा प्रेषितांनी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : रुकूत स्थिर हो, उभा राहून स्थिर हो, सजद्यात स्थिर हो, मग पुढे जा. त्याच्या रकाती कमी नव्हत्या. कमी होता तो ठहराव.

हा ठहराव आपल्या तसबीहमध्ये आहे का, हे घड्याळ लावून पाहता येते. झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणायचे असते. एका शब्दाला दोन सेकंद दिली, तरी शंभराला साडेतीन मिनिटेही लागत नाहीत. पण अनेकांची ही तसबीह मिनिटभरात संपते. म्हणजे जे वाचवतो ती जेमतेम अडीच मिनिटे, आणि तेवढ्यासाठी शब्दांचा अर्थ गमावतो.

ही तसबीह प्रथम कोणाला शिकवली गेली, तेही आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे. हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते. घरकामाला मदतनीस मिळावा म्हणून त्या वडिलांच्या घरी गेल्या होत्या. प्रेषितांनी त्यांना आणि हजरत अली (रजि.) यांना झोपताना म्हणायचे हे शब्द दिले आणि ते नोकरापेक्षा चांगले असल्याचे सांगितले. दिवसभर राबून थकलेल्या बाईला दिलेली ही इबादत आहे. म्हणूनच ती छोटी आहे, आणि म्हणूनच ती घाईत उरकण्यासाठी नाही.

मग लांबीला काहीच किंमत नाही का? असे म्हणणेही चूक ठरेल. "थोडं करतो, पण मनापासून करतो" हे वाक्य आजकाल फार सोयीचे झाले आहे. थोड्याचे आणखी थोडे होते आणि एक दिवस मनापासूनचेही संपते. आम्ही शिक्षक हे वर्गात रोज पाहतो. मुलाला शुद्धलेखनाची दोन पाने दिली, तर शेवटच्या ओळींपर्यंत अक्षर कोसळते. पण दोनच ओळी दिल्या, तर हात वळण्याआधीच वही मिटते. इबादतीतही तसेच आहे. बाजार, मोबाइल, मुलांचा अभ्यास यांतून उठून बसलेले मन पहिली काही मिनिटे तिथेच घुटमळत राहते. ते शांत होईपर्यंत आपण उठूनच गेलो, तर हाताला काय लागणार?

हजरत आयेशा (रजि.) यांना कोणी प्रेषितांच्या रात्रीच्या नमाजीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी ती किती सुंदर आणि किती लांब होती ते विचारूच नका, अशा अर्थाचे उत्तर दिले. सौंदर्य आणि लांबी, दोन्ही त्यांनी एकाच दमात सांगितले. तेव्हा या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. वेळ असतो तो ठहराव येण्यासाठी, आणि ठहराव आला की वेळ आपोआप वाढू लागतो.

पण वाढवायचे तरी कुठवर? दीनने इथे दोन हद्दी घालून दिल्या आहेत. पहिली हद्द आपल्या शरीराची. प्रेषितांच्या मस्जिदीत दोन खांबांमध्ये एक दोरी बांधलेली होती. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब (रजि.) नमाजीत थकल्या की तिचा आधार घेत. प्रेषितांनी ती दोरी सोडायला लावली आणि सांगितले की, उत्साह असेतो नमाज पढावी, थकवा आला की बसावे.

दुसरी हद्द इतरांच्या हक्काची. हजरत मुआज (रजि.) यांनी इशाच्या नमाजीत लांबलचक सूरत सुरू केली. दिवसभर उंटांवरून पाणी वाहून आलेला एक माणूस जमातीतून बाजूला झाला आणि एकटाच नमाज पढून निघून गेला. प्रकरण प्रेषितांकडे गेले, तेव्हा बोलणी बसली ती हजरत मुआज यांना. जमातीत लहान मुलाचे रडणे कानी आले, तर त्याच्या आईला त्रास नको म्हणून प्रेषित स्वतः नमाज आटोपती घेत. आपल्या घरी सासूबाई औषधासाठी हाका मारत असतील, किंवा दहावीतले पोर गणित अडले म्हणून ताटकळत असेल, आणि आपण तसबीहचा आणखी एक फेरा ओढत असू, तर ती लांबी कोणाच्या तरी हक्कातून कापलेली असते.

पोटापाण्याचाही विचार कुरआनने केला आहे. सूरह मुज्जम्मिलच्या सुरुवातीला रात्रीचा मोठा भाग उभे राहण्याचा आणि कुरआन ठहरून पढण्याचा हुकूम येतो. त्याच सूरहच्या शेवटच्या आयतीत सवलत येते : जेवढे सहज जमेल तेवढे पढा. कारणे सांगताना आजाऱ्यांचा उल्लेख येतो, आणि अल्लाहने ठेवलेली रोजी शोधत प्रवास करणाऱ्यांचाही. आपले वडखळ तर रस्त्यावरचेच गाव. गोव्याकडे जाणारी आणि अलिबागला वळणारी वाहने इथूनच फुटतात. कोणाच्या घरी ट्रकचालक, कोणाच्या घरी डोलवीच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा. नाक्यावर गाडी अडकली असताना मनातल्या मनात केलेला जिक्र हलका समजू नये. या लोकांची सोय थेट कुरआनातच करून ठेवलेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) तरुण होते. रोज रोजा धरत आणि रात्रभर कुरआन पढत. प्रेषितांनी त्यांना समजावले की शरीराचा, डोळ्यांचा, पत्नीचा, पाहुण्यांचाही हक्क असतो. कुरआन महिन्यातून एकदा पूर्ण कर, असे सांगितले. ते म्हणाले, मला याहून जास्त झेपते. असे होता होता प्रेषितांनी सात दिवसांवर आणून थांबवले. रोजे एक दिवसाआड ठरले. पुढे म्हातारपण आले, अंग साथ देईना. तेव्हा ते म्हणू लागले की, मी प्रेषितांची सवलत घेतली असती तर किती बरे झाले असते! पण धरलेले सोडवत नव्हते. रात्री सोपे जावे म्हणून तेवढा भाग ते दिवसाच घरच्यांना ऐकवून ठेवत.

या हदीसने आम्हाला मोजमापच बदलून दिले. आज किती झेपते, हा खरा प्रश्नच नव्हे. हे उद्या, पुढच्या वर्षी, दुखण्याखुपण्यात चालेल का, हा प्रश्न आहे. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल तो, जो थोडा असला तरी नेमाने केला जातो, ही हजरत आयेशा (रजि.) यांची हदीस आपल्याला पाठ असते. तिचा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो.

आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. धरमतर खाडीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध असतो. खेकड्यांनी पाडलेली बिळे वेळच्या वेळी मातीने बुजवावी लागतात. वर्षातून एकदा खूप माणसे लावून मोठे काम केले आणि नंतर कोणी फिरकलेच नाही, तर एखाद्या उधाणाला खांड पडते. खारे पाणी एकदा आत आले की ते शेत काही वर्षे भाताला मुकते. रमजान हे ते मोठे काम. बाकीचे अकरा महिने घमेलेभर माती रोज टाकायची असते.

इतरत्रही माणसांना हाच अनुभव आलेला दिसतो. इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात. त्यांची रीत आणि श्रद्धा वेगळी. पण तिथेही दहा दिवसांवर थांबत नाहीत. घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ बसायला सांगतात. आपल्याकडे एतिकाफचेही दहा दिवसच असतात. त्यांचा रंग किती टिकला, ते शव्वालमध्ये कळते.

तेव्हा घरात बसून आपापला हिशेब ठरवू या. एक किमान माप असावे, इतके लहान की ताप आला, पाहुणे आले, रात्रपाळी लागली तरी चुकू नये. नमाजीनंतरची तसबीह आणि कुरआनचे एक पान अर्थासह, एवढेही पुरे. हे सावकाश व्हावे. मन भरकटले तर चिडू नये आणि गिनती पहिल्यापासून सुरू करू नये. जिथे लक्षात आले तिथून त्याला परत आणावे. परत आणणे हीसुद्धा इबादतच आहे. आठवड्यातून एकदा, जुम्याच्या दिवशी म्हणा, लांब बैठक असावी. सूरह कहफ शांतपणे पढायला अर्धा तास तरी हवा. महिनाभर नेम न चुकता टिकला, तर रोजची पाच मिनिटे वाढवावीत. टिकला नाही तर मापच मोठे होते असे समजून ते कमी करावे, सोडू नये.

आणि हजाराची गिनती करणाऱ्या आमच्या भगिनीने निराश होऊ नये. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी 'एहया उलूमिद्दीन'मध्ये एका बुजुर्गांची गोष्ट दिली आहे. शागिर्द म्हणाला, जीभ जिक्र करते पण मन हजर नसते. उस्तादांनी त्याला शुक्र करायला सांगितले : शरीराचा एक अवयव तरी चांगल्या कामाला लागला आहे. म्हणून जीभ थांबवू नका. हजाराच्या दोनशे करा, आणि त्या दोनशेत मनाला बोलवा.

शेवटी एक कसोटी. जानमाज घडी करून ठेवल्यावर घरातल्या माणसाशी आपण जे पहिले वाक्य बोलतो, ते ऐकावे. आवाज थोडा खाली आला असेल, तर बैठक दहा मिनिटांची असो की तासाची, ती पोहोचली. उलट, एवढे पढूनही सुनेवर, मुलावर, दारच्या भाजीवाल्यावर तोच खेकसणे असेल, तर मिनिटे वाढवण्याआधी सावकाशपणा वाढवावा.

अल्लाह आपल्या सर्वांचे थोडे कबूल करो आणि त्यात सातत्य देवो. आमीन.