ग्वाल्हेरचा मासा, नाशिकची वाईन

ग्वाल्हेरला अक्काकडे गेले होते. समुद्र लांब, त्यामुळे पानात तळलेला रोहू. (काटे किती!) भाच्याने नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ उघडली आणि भाऊजींचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "भाऊजी, माशावर आपण लिंबू पिळतो ना? हिचा आंबटपणा तसाच तेलकटपणा मारतो." आपलं कोकम, कन्नडातलं मुरुगलु, तेच काम करतं. लाल वाईनने मात्र मासा उग्र लागतो. तिच्यातलं लोह त्याला कारण, हे २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. झणझणीत कालवणाबरोबर पांढरीही नको, तिखट आणखी चढतं.

भाऊजींनी घेतली नाहीच. माझ्या पिशवीतली आमसुलं बघून अक्का उठली, नारळ फोडला. भाच्यानेही पेला सरकवून आधी सोलकढीच मागितली.