आवाज वाढला म्हणून पिकअप वाढत नाही

‘सायलेन्सर मोकळा केला की गाडी जोरात पळते’ हे पोरांचं म्हणणं खरं नाही. कंपनी सायलेन्सर इंजिनाच्या मापानेच बनवते. आतली जाळी काढली, की कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या मानाने हवा जादा होऊ शकते. मग इंजिन तापते, ओढ कमी होते. शिवाय २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर आवाजाचा नियम मोडल्यास पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे खताचे पैसे फटफटीत गेले!

सायलेन्सर गंजला, तर त्याच मॉडेलचा कंपनीचा घ्या. जोडावरचे गॅस्केटही नवे टाका. बारीक भोक वेल्डिंगने बुजते. सरपंच, पोलीस पाटलांनी हे पोरांना आधीच समजावावे. पावती फाटल्यावर नव्हे.