रस्ता सरकारचा, खड्डा कोणाचा?

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेलगत केशोरी आहे. धान आणि मिरची पिकविणारा हा जंगलपट्टा अनेक वर्षे 'नक्षलग्रस्त' या एकाच शब्दाने ओळखला गेला. बंदुकीला उत्तर बंदुकीने देता येते. परंतु रुग्णवाहिका, शिक्षक आणि धानाला भाव देणारा व्यापारी गावापर्यंत पोहोचायचा तर रस्ताच लागतो. म्हणून अशा भागातील उखडलेला रस्ता हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. शासनावरच्या विश्वासाला पडलेले ते भगदाड असते.

रस्ते झालेच नाहीत असे कोणी म्हणणार नाही. २५ डिसेंबर २००० रोजी अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आरंभिली. सर्वसाधारण भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकसंख्येच्या वस्तीपर्यंत बारमाही रस्ता नेण्याचा तो संकल्प होता. प्रारंभी बांधकामाचा संपूर्ण भार केंद्राने उचलला. २०१५-१६ पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के झाला. २०१५ मध्येच राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली. निधी आला, डांबर पडले, फीत कापली गेली. प्रश्न त्यानंतरचा आहे.

ग्रामसडक योजनेत पहिली पाच वर्षे देखभाल बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच असते आणि तिचा खर्च राज्याने द्यायचा असतो. सहाव्या वर्षापासून तो रस्ता इतर शेकडो रस्त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, योजनेतील रस्ता ग्रामीण रस्ते विकास संस्थेचा, आणि मध्ये झाडे आली की वनविभागाचा! पायाखालचा खड्डा नेमका कोणाच्या हद्दीतला, हे ग्रामस्थाने कसे ओळखावे? १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत रस्ते आणि पूल यांचाही समावेश केला. विषय कागदावर खाली आला. पैसा आणि अभियंता मात्र वरच राहिले.

नवा रस्ता उद्घाटनाची संधी देतो, दुरुस्ती देत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात पहिली कात्री देखभालीलाच लागते. वास्तविक वेळेवर बुजविलेली भेग थोडक्यात भागते. तीच दोन पावसाळे तशीच राहिली की पाणी खडीच्या थरात उतरते आणि संपूर्ण रस्ता नव्याने करावा लागतो. वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात हा हिशेब शाळकरी मुलालाही समजावा. पूर्वी ठरावीक अंतराच्या रस्त्याची राखण मैलकुलीकडे असे. नाली उपसणे, कडेची माती सारखी करणे, लहान खड्डा तत्काळ भरणे हे त्याचे काम. आज ग्रामीण मार्गावर असा माणूस शोधूनही सापडत नाही.

परंतु सर्व दोष शासनाच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. बांधी वाढविण्यासाठी रस्त्याची नाली कोण बुजवितो? चिखलणीनंतर केजव्हील न काढता ट्रॅक्टर डांबरावरून कोण नेतो? पाइप टाकण्यासाठी रस्ता आडवा कोण खोदतो? हलक्या वाहतुकीसाठी बांधलेल्या रस्त्यावरून रेतीने ओसंडणारे टिप्पर धावतात, तेव्हा गाव गप्प का असते?

याच मातीत याचे उत्तर दडलेले आहे. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कौशल्यातून आणि गावांच्या श्रमातून उभे राहिले. पाळ राखणे आणि गाळ काढणे हे गावाचे काम होते, कारण तलाव गावाचा होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. ती व्यवस्था जाणे न्याय्यच होते. पण तिच्याबरोबर गावाची राखणही गेली आणि कित्येक तलाव गाळाने भरले. जे सर्वांचे झाले, ते कोणाचेच उरले नाही. रस्त्यांचे आज तेच होत आहे.

'आम्ही कर भरतो, मग फावडे का उचलावे?' हा प्रश्न रास्त आहे. श्रमदानाने डांबरीकरण होत नाही आणि श्रमदानाच्या आड शासनाला लपताही येणार नाही. म्हणून मागणी स्पष्ट हवी. देखभालीचा निधी बांधकामापासून वेगळा असावा, तो अन्यत्र वळविता येऊ नये आणि पावसाळ्यापूर्वी हाती पडावा. रस्ता कोणत्या खात्याचा, केव्हा बांधला, कंत्राटदाराची मुदत केव्हा संपते, याची नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीत असावी आणि ती ग्रामसभेत वाचली जावी. त्या बदल्यात नाल्या मोकळ्या ठेवणे, केजव्हीलला बंदी करणे आणि अतिक्रमण हटविणे ही जबाबदारी गावाने ठरावाने स्वीकारावी.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत पहिला प्रश्न या नोंदवहीचा विचारावा. गावाने आपली नाली स्वच्छ ठेवून मागितलेला निधी नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे जाणार नाही.