सूर्य टेंभुर्णीचा, सूर्य लेस्टरचा

2025 साली गुढीपाडवा 30 मार्चला, रविवारी आला. टेंभुर्णीच्या पेठेत दुकानांवर तोरणे चढली होती, तरी व्यापाऱ्यांच्या मनात दुसऱ्या दिवशीचा 31 मार्च, म्हणजे वर्षअखेरीचा ताळेबंदच घोळत होता. पेठेतील एका जुन्या किराणा पेढीचे वडीलधारे गृहस्थ संध्याकाळी सहा वाजता नेहमीप्रमाणे ताटावर बसले. त्या दिवशी टेंभुर्णीला सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होता. पहिला घास घेतला तोच फोन वाजला. लेस्टरहून नात बोलत होती. दर रविवारी तिचा फोन बरोबर सात वाजता, म्हणजे आजोबांचा चौविहार झाल्यावर येत असे.

“आज तासभर आधी कसा गं?”

“आजोबा, आमचं घड्याळ रात्री एक तास पुढं गेलं.”

“बरं. सूर्याला कळवलंत का?”

नात खळखळून हसली आणि पुढे एक वाक्य बोलली. त्या वाक्याने आजोबांचा हात ताटातच थांबला. “काल सूर्य साडेसहाला मावळला, आज साडेसातला मावळणार. म्हणजे आता बाबा कामावरून आल्यावरसुद्धा आम्हाला चौविहार जमेल!”

हे वाक्य त्या घरात किती मोलाचे होते, हे समजण्यासाठी तीन महिने मागे जावे लागेल. मुलगा लेस्टरला हिशेबतपासनीसाच्या नोकरीसाठी निघाला, तेव्हा वडिलांनी त्याला एकच नियम सांगितला होता : “सहाच्या आत जेवण.” टेंभुर्णीत हा नियम बिनचूक होता. येथे डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर थोड्याच वेळात. वर्षभरात फरक पडतो तो साधारण सत्तर मिनिटांचा. इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या लेस्टरचे तसे नाही. डिसेंबरच्या अखेरीस तेथे चार वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊ वाजता. डिसेंबरात सहा वाजता जेवणारा माणूस दोन तासांच्या अंधारात जेवतो, तर जूनमध्ये सहा वाजता ताट आवरणाऱ्यापुढे साडेतीन तासांचे ऊन शिल्लक असते.

हिवाळ्यात सून मुलीला शाळेतून घरी आणी तोवर साडेतीन वाजून जात. मुलगा सहाला परते. चौविहार केवळ शनिवार-रविवारी होऊ लागला. मुलाने हे वडिलांपासून लपविले नाही. वडील मात्र संतापले. “धर्म काय मुंबईच्या विमानतळावर ठेवून गेलात?” असे ते बोलून गेले. त्यानंतर संक्रांत आली आणि गेली. रविवारचा फोन नात आणि आजोबा यांच्यापुरताच उरला. बाप-लेक एकमेकांची खुशाली त्या नऊ वर्षांच्या मुलीकडून विचारीत.

लेस्टरमधील जैन कुटुंबांना हा पेच नवा नाही. 1972 साली युगांडाच्या इदी अमीनने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन, आमच्या शहरात येऊ नका, असे कळविले होते. तरीही हजारो कुटुंबे तेथे आली, दुकाने थाटली आणि शहराच्या व्यापारात आपली जागा करून राहिली. त्यांच्यातील जैनांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एक जुनी चर्चची इमारत घेऊन तेथे जैन केंद्र उभारले. 1988 साली त्याची प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचे मंदिर ही सारी तेथे एकाच छपराखाली आहेत. गावोगावी वेगवेगळ्या वास्तूंत वाटले गेलेले आपले पंथ परक्या भूमीत शेजारी नांदतात, हे पाहण्यासारखे आहे.

नातीच्या त्या वाक्यावर आजोबा पुष्कळ विचार करीत राहिले. घड्याळ पुढे करण्याची ही चाल मूळची विल्यम विलेट नावाच्या एका इंग्रज बांधकाम व्यावसायिकाची. लोक उन्हाळ्यात उजाडल्यावरही झोपून राहतात, दिवसाचा उजेड वाया जातो, म्हणून त्याने 1907 साली ही सूचना मांडली. तो 1915 साली वारला आणि दुसऱ्याच वर्षी, महायुद्धातील इंधन वाचविण्यासाठी, ब्रिटिश सरकारने ती अमलात आणली. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ते 1945 या काळात, आपल्या देशातही घड्याळे तासभर पुढे होती. हिशेबाच्या वर्षाचे तेच. आपले वर्ष 31 मार्चला संपते. ब्रिटनचे प्राप्तिकराचे वर्ष 5 एप्रिलला. तेथे पूर्वी वर्ष 25 मार्चला सुरू होई. 1752 साली पंचांग सुधारताना अकरा दिवस गाळले गेले. सरकारने करवसुलीचे दिवस बुडू नयेत म्हणून तारीख पुढे सरकविली आणि पुढे तीत आणखी एका दिवसाची भर पडली. तात्पर्य, घड्याळ आणि हिशेबाचे वर्ष माणसाने ठरविलेले असते आणि माणूस ते आपल्या सोयीने हलवितो. रात्रिभोजनत्यागाचा नियम मात्र घड्याळावर कधी बांधलेलाच नव्हता. अंधारात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, दिव्याच्या उजेडाकडे ते झेपावतात, रात्री चूल पेटली की त्यांची हिंसा वाढते. नियमाचे कारण हे आहे. ते सूर्याशी जोडलेले आहे. “सहाच्या आत” हे टेंभुर्णीपुरते त्याचे भाषांतर होते.

मुलाबरोबर आपण नियम पाठविला, कारण पाठविले नाही, हे आजोबांच्या ध्यानात आले.

वसंताचे दिवस या कुटुंबाला दोन्हीकडे अनुकूल असतात. 20-21 मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र साऱ्या पृथ्वीवर जवळजवळ समान होतात. टेंभुर्णीत बारा तासांचा दिवस, लेस्टरलाही तेवढाच. पुढे तिकडचा दिवस भराभर वाढत जातो. सुनेने स्वयंपाकघरातील फ्रिजवर सूर्यास्ताचा तक्ता चिकटविला आणि रोजची वेळ लिहिण्याचे काम मुलीकडे सोपविले. चैत्रातील आयंबिलाच्या ओळीत सुनेने तीन आयंबिले केली. दिवसातून एकदाच, तेल-तूप, दूध-दही, गूळ-साखर आणि मसाला वर्ज्य करून. महावीर जन्मकल्याणक 10 एप्रिलला, गुरुवारी आले. आपल्याकडे त्या दिवशी सुट्टी असते, तेथे मुलाला कामावर जावेच लागले. मात्र संध्याकाळी तो परतला तेव्हा बाहेर लख्ख उजेड होता. तिघांनी एकत्र जेवण केले, भांडी आवरली आणि मग सूर्य मावळताना पाहिला. मुलीने त्याचे छायाचित्र आजोबांना पाठविले.

ईस्टरच्या सुट्टीत ही मंडळी बेल्जियममधील अँटवर्पला गेली. भारतीय पारपत्र असल्याने त्यांना ब्रिटनमध्ये राहत असूनही शेंगेन व्हिसा काढावा लागला. अँटवर्प ही हिऱ्यांच्या व्यापाराची पेठ. पालनपूरकडील जैन व्यापाऱ्यांनी गेल्या साठ वर्षांत तेथे मोठे नाव मिळविले आणि विलरिक या उपनगरात संगमरवरी मंदिर उभारले. आगगाडीत मुलीने हिशेब मांडला : तेथील घड्याळ लेस्टरपेक्षा तासभर पुढे, सूर्यास्त मात्र घड्याळात अर्ध्या तासाच्या आसपासच उशिरा. “मग मावळण्याची वेळ बघूनच जेवायचं, घड्याळ बदललं म्हणून नाही,” असे तिने आईला बजावले.

त्याच सुट्टीत तिच्यापुढे दुसरा प्रश्न आला. शाळेतील मैत्रिणीने तिला चॉकलेटचे अंडे दिले होते. वेष्टनावर शाकाहारी असल्याची खूण होती. तरी तिला ते खाववेना. रविवारी तिने आजोबांना विचारले. आजोबांनी तिला यशोधर राजाची कथा सांगितली. पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला, तरी मनात हिंसेचा संकल्प असल्यामुळे राजाला जन्मोजन्मी दुःख भोगावे लागले, अशी ती कथा. दहाव्या शतकात सोमदेव सूरींनी तिच्यावर ‘यशस्तिलक’ हा ग्रंथ रचला आणि त्यावरचा मोठा अभ्यासग्रंथ 1949 साली आपल्या सोलापूरच्याच जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला. कथा सांगून आजोबा म्हणाले, “आता तूच ठरव.” आजोबांनी आयुष्यात प्रथमच नियमाचा निकाल समोरच्यावर सोपविला होता. मुलीने ते अंडे आईकरवी फोडून घेतले आणि साध्या चॉकलेटचे तुकडे म्हणून वाटावे की परत द्यावे, यावर दोन दिवस विचार केला. शेवटी तिने मैत्रिणीला कारण सांगून ते परत केले. मैत्रीण रागावली नाही. पुढच्या वेळी फूल आणीन, म्हणाली.

पण त्या रविवारी फोन ठेवण्यापूर्वी नातीने आणखी एक गोष्ट विचारली. “आजोबा, काका किती वाजता जेवतात?”

आजोबांकडे उत्तर होते, पण ते देववेना. धाकटा मुलगा टेंभुर्णीतच, त्याच घरात राहतो. महामार्गावरचे गिऱ्हाईक संध्याकाळीच वाढते, म्हणून दुकान नऊला बंद होते आणि तो साडेनऊला जेवतो. गेली कित्येक वर्षे हेच चालले आहे. येथे बाराही महिने सूर्य सोयीच्या वेळी मावळतो. घर दुकानापासून दोनशे पावलांवर आहे. समुद्रापलीकडच्या मुलाने हिवाळ्यात नियम मोडला म्हणून ज्यांनी अबोला धरला, त्यांनी जवळच्या मुलाला कधी एका शब्दानेही हटकले नव्हते. व्यापाराची अडचण त्यांना अडचण वाटत होती, नोकरीची अडचण मात्र निमित्त वाटत होती.

त्या रात्री त्यांनी मोठ्या मुलाला स्वतः फोन लावला. दोघे बराच वेळ बोलले. येत्या हिवाळ्यासाठी सुनेने काढलेला मार्ग त्यांनी ऐकून घेतला : मुलाने डबा न्यावा, दुपारी साडेतीनला कार्यालयातच जेवावे आणि संध्याकाळी तिविहार पाळून केवळ पाणी घ्यावे, मायलेकींनी शाळेतून येताच, शक्य त्या दिवशी, उजेडात जेवावे, न जमलेला दिवस तक्त्यावर प्रामाणिकपणे लिहावा. “लिहायचं मात्र,” एवढीच दुरुस्ती आजोबांनी सुचविली. जमाखर्चात तूट दाखविलेली बरी, खोटा ताळेबंद नको, हे पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून टेंभुर्णीच्या दुकानात संध्याकाळी सहाला धाकट्याचा डबा जाऊ लागला. तो घेऊन आजोबा स्वतः जातात आणि तो जेवेपर्यंत अर्धा तास गल्ल्यावर बसतात. उन्हाळ्यात लेस्टरला पहाटे पावणेपाचला सूर्य उगवतो, त्यामुळे तेथील नवकारसी साडेपाचलाच पूर्ण होते. उठायचे कोणी, हा नवा वाद आता तेथे रंगला आहे. तो सोडविण्यासाठी रविवारी दोन्ही घरे फोनवर एकत्र येतात.

ज्या घरांची मुले परदेशी आहेत, त्यांनी या चैत्रात त्यांना आपापल्या गावचा सूर्यास्त जरूर विचारावा. त्याआधी आपल्या घरचे शेवटचे ताट किती वाजता उचलले जाते, तेही पाहून ठेवावे.